कुलूप कुणाचं?

२००० सालच्या जानेवारीत नॉर्वेमध्ये पोलीस एका सोळा वर्षांच्या मुलाच्या घरी गेले आणि त्याचे कम्प्युटर जप्त करून घेऊन गेले. मुलाचं नाव यॉन लेक योहान्सेन. त्याने कुणाचे पैसे लुबाडले नव्हते, कुठल्या बँकेत घुसखोरी केली नव्हती. इंटरनेटवर भेटलेल्या दोघांच्या साथीने त्याने डीव्हीडीवरचं कुलूप उघडणारा एक छोटा प्रोग्राम बनवला होता आणि तो सगळ्यांसाठी खुला केला होता. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं कुलूप आपणच उघडलं तर गुन्हा होतो का, असा विषय निघाला की मला हा खटला आठवतो.

आधी कुलूप समजून घेऊ. डिजिटल कॉपी कितव्यांदाही केली तरी मूळ प्रतीइतकीच लख्ख निघते, याची सिनेमा स्टुडिओंना धास्ती होती. म्हणून डीव्हीडीवरचा सिनेमा सांकेतिक रूपात साठवला गेला. या पद्धतीचं नाव सीएसएस. संकेत उलगडणारी किल्ली करार करून फी भरणाऱ्या कंपन्यांनाच मिळायची. लिनक्स वापरणाऱ्यांकडे तेव्हा असा अधिकृत प्लेअर नव्हता, त्यामुळे दुकानातून रीतसर आणलेली डीव्हीडीही त्यांच्या कम्प्युटरवर चालेना. किल्ली मात्र अवघी ४० बिटांची, म्हणजे कुलूप तसं तकलादूच. ऑक्टोबर १९९९मध्ये योहान्सेनचा ‘डीसीएसएस’ आला आणि ते उघडलं.

अमेरिकन सिनेमा उद्योगाने तक्रार केली. पण नॉर्वेच्या सरकारी वकिलांपुढे पेच होता, कलम कोणतं लावायचं? त्यांनी १४५वं कलम निवडलं. ते मुळात दुसऱ्याचं बंद पत्र फोडण्याबद्दलचं. पुढे त्यात कम्प्युटरमधल्या माहितीचीही भर पडली होती. ओस्लोच्या न्यायालयाने ७ जानेवारी २००३ रोजी योहान्सेनला निर्दोष सोडलं. डीव्हीडी त्याने विकत घेतलेली, मग स्वतःच्याच वस्तूत तो घुसखोरी कशी करेल? अपील झालं. २२ डिसेंबर २००३ रोजी वरच्या न्यायालयानेही तोच निकाल दिला. नॉर्वेने थोडक्यात विचारलं, वस्तू कुणाची?

अमेरिकेत त्याच प्रोग्रामचं नशीब उलटं निघालं. तिथे १९९८मध्ये ‘डीएमसीए’ हा कायदा आला होता. त्यानुसार कुलूप तोडणं आणि तोडायची हत्यारं लोकांना पुरवणं, दोन्ही बेकायदा. कॉपी करून विकली की नाही, हा मुद्दा वेगळा. हॅकर मंडळींच्या ‘२६००’ या मासिकाने डीसीएसएस आपल्या वेबसाइटवर ठेवला, तर आठ स्टुडिओंनी खटला भरला. २०००मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी मासिकाविरुद्ध मनाई हुकूम दिला. नुसती लिंक देण्यावरही बंदी आली. मग लोकांनी तो कोड टी-शर्टवर छापला, एकाने त्याची कविता केली. कोड हेही बोलणंच आहे, असं त्यांचं म्हणणं. अपिलात मात्र मासिक हरलं. अमेरिकेने विचारलं, किल्ली कुणी वाटली?

आणि आपल्याकडे? भारताने हा विषय कायद्यात आणला २०१२मध्ये, कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम घालून. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात एक अट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते: कुलूप तोडणाऱ्याचा हेतू कॉपीराइटचा भंग करण्याचा असला पाहिजे. कायद्याने ज्या कामाला स्पष्ट मनाई केलेली नाही, त्यासाठी कुलूप उघडायला आडकाठी नाही. दुसऱ्याला उघडून देणाऱ्याने मात्र त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. म्हणजे किल्लीवाल्याच्या दुकानातली वहीच! त्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करायलाही वाट दिली. स्क्रीन रीडरवर पुस्तक ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकासाठी ही सवलत नव्हे, वाचनाचा दरवाजाच आहे. भारताने विचारलं, कशासाठी उघडलंत?

मला हा तिसरा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा वाटतो. याचा अर्थ सिनेमा फोडून टेलिग्रामवर टाकायला मोकळीक असा नाही. तो सरळ भंग आहे, आणि त्यात एखाद्या लेखकाची, संगीतकाराची कमाई जाते. पण स्वतःच्या प्रतीवर स्वतःच्या वापरासाठी केलेलं काम आणि ही चोरी यांना एकाच तराजूत घालणं चूक आहे. ‘वाजवी वापर’ नेमका किती, हे मात्र प्रकरण पाहूनच ठरतं.

आता चकत्या गेल्या आणि प्रश्न आणखी अवघड झाला. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने माफीही मागितली. पण एक गोष्ट उघड झाली: योहान्सेनच्या हातात निदान डीव्हीडी होती. आपल्या फोनमधलं ‘बाय’ बटण दाबल्यावर बहुतेक वेळा हाती येतो तो वापराचा परवाना. पुढच्या वेळी ते बटण दाबण्याआधी अटींमधली तेवढी एक ओळ शोधून वाचा. कुलूप कुणाचं, याचं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.