कर्जखतांची होळी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त पट्ट्यात वसलेले सुपे हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीमुळे इतिहासात पूर्वीच नोंदले गेले आहे. परंतु 12 मे 1875 रोजी, ऐन बाजारच्या दिवशी, भोवतालच्या खेड्यांतून जमलेल्या कुणब्यांनी तेथील सावकारांची दुकाने व घरे फोडून कर्जखते, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या यांची होळी केली, त्या घटनेने या गावाला जे दुसरे महत्त्व प्राप्त झाले, त्याचे स्मरण आपण पुरेशा गांभीर्याने ठेवलेले नाही.

दंग्याचे लोण पाहता पाहता इंदापूर, पुरंदर व शिरूर या तालुक्यांत आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पसरले. सरकारने फौजफाटा धाडून बंदोबस्त केला, सुमारे साडेनऊशे इसम पकडले आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना शिक्षा फर्मावल्या. सुप्याला लूट झाली हे नाकारता येणार नाही. तथापि जेथे सावकाराने आपली खते निमूटपणे हवाली केली, तेथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही; आणि जमावाचा मुख्य रोख दस्तऐवजांवर होता, ही गोष्ट पुढे सरकारी चौकशी मंडळालाही मान्य करावी लागली. निरक्षर रयतेचा सारा क्रोध कागदावरच का उतरावा, याचे उत्तर मागील पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे.

सावकारी पेशवाईतही होती, आणि ती काही धर्मादाय नव्हती. परंतु कर्जाची वसुली सावकार व कूळ यांच्या परस्परसंबंधांवर आणि पंचायतीच्या निवाड्यावर अवलंबून असे, मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी मागू नये हा दामदुपटीचा नियम लोकमान्य होता, आणि कुणब्याचे शेत लिलावात काढण्यासाठी दिवाणी न्यायालयाचा बेलीफ गावात येत नसे. इंग्रजी अमलात जमीन विक्रीयोग्य मालमत्ता ठरली, 1855 च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील मर्यादा उठवली, आणि 1859 च्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. या शेवटच्या कायद्याचा हेतू रयतेच्या हिताचाच होता; प्रत्यक्षात मात्र दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेण्याची वहिवाट पडली, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवले जाऊ लागल्यामुळे दामदुपटीचा आधारही नाहीसा झाला. मोडीत लिहिलेले ते खत कुणब्याला वाचता येत नसे. लेखणीला हात लावून तो शेवटी 'निशाणी नांगर' करी. ज्या अवजारावर त्याचा संसार चाले, त्याच्याच आकृतीखाली त्याची जमीन गहाण पडे. पुढे दावा लागला म्हणजे वकिलाचा खर्च आणि तालुक्याची पायपीट यांच्या धास्तीने तो हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जप्ती दारात येई.

या यंत्रणेला जगाच्या बाजाराची जोड मिळाली ती 1861 साली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पुणे-नगरचा पूर्वभाग हा मुख्यतः कापसाचा मुलूख नव्हे. पण धान्याचे भाव आणि लोहमार्गाच्या कामावरील मजुरी वाढल्याने तेथील कुणब्याचीही पत वाढली, व सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. 1865 त युद्ध संपले, मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि सावकाराचा हात आखडला, कारण त्याच्याही पाठीमागे मोठ्या पेढ्यांचे तगादे होते. त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदी संपून 1867 पासून, इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून, नवी आकारणी सुरू झाली. तिने तेजीतले भाव कायमचे मानून कित्येक गावांचा सारा दीडपटीच्या घरात नेला. ज्या युद्धाचे नावही कुणब्याच्या कानी आले नव्हते, त्याचा नफा वरच्या वर राहिला आणि तोटा मात्र त्याच्या खाती जमा झाला.

सनदशीर उपाय कोणी योजलेच नव्हते असे नाही. 1870 साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी करून सारावाढीविरुद्ध गाऱ्हाणी मांडली होती. 1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका देशमुखाचे घर हुकूमनाम्याखाली सावकाराच्या हाती गेले, तेव्हा गावाने प्रथम बहिष्कारच पुकारला: न्हावी, परीट व पाणक्या यांनी सावकाराची कामे सोडली. होळी पेटली ती त्यानंतर.

तिचे फळ चार वर्षांनी, मध्यंतरी भीषण दुष्काळ येऊन गेल्यावर, पदरात पडले. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांतील न्यायाधीशांना खताच्या शब्दांवर न थांबता कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जापायी होणारी कैद बंद केली, आणि खते नोंदण्यासाठी ग्रामनिबंधक नेमले. सावकारांनी लवकरच गहाणखताऐवजी उघड खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट शोधली, हेही खरे. शिवाय रयतेचा राग जवळच्या दुव्यावर, परप्रांतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुजर-मारवाडी समाजावर, कोसळला आणि सारा ठरवणारे सरकार व भाव ठरवणारा बाजार हे दूरचे दुवे अबाधित राहिले. हा त्या उठावाचा दोष झाकण्यासारखा नाही. 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून जोतीराव फुले यांनी सावकारापलीकडे जाऊन सरकारी अंमलदार, जबर सारा आणि कुणब्यावर लादलेले अज्ञान यांचा जो एकत्र हिशेब मांडला, तो म्हणूनच अधिक पूर्ण होता.

तरीही सुप्याच्या रयतेने कायद्याकडून जे तत्त्व कबूल करवून घेतले, त्याची थोरवी कमी होत नाही. भुकेला आणि धनवान हे एका कागदावर सही करतात एवढ्यावरून ते समान ठरत नाहीत. आणि त्या कागदाची अंमलबजावणी करणाऱ्या राज्याला, सही करणाऱ्यापुढे दुसरा मार्ग होता काय, हे विचारणे भाग आहे. ज्याच्या मालाचा भाव परमुलखात ठरतो आणि ज्याच्या कर्जाच्या अटी दुसराच लिहितो, असा शेतकरी वा मजूर जोवर आपल्यात आहे, तोवर हा प्रश्न प्रत्येक न्यायासनापुढे आणि प्रत्येक विधिमंडळापुढे पुन्हा पुन्हा मांडणे, हे सुशिक्षितांचे कर्तव्य आहे.