अळीचा वाटा

आमचे एक चुलते गेवराई तालुक्यांत गोदाकांठच्या काळ्या रानांत दोन एकर कापूस करीत. पंधरा-एक वर्षांपूर्वीं मी त्यांच्याकडे गेलों असतां माळवदाखालच्या कोनाड्यांत १२० ग्रॅमच्या कांहीं पुड्या न फोडतां पडलेल्या पाहिल्या. विकत आणलेलें बियाणें पेरलें कां नाहीं, असें विचारतां ते म्हणाले, “आरं बाबा, दोन एकरांत अळीला कुठून वाटा काढायचा?” मी हंसलों आणि विषय तेथेंच राहिला. पुढें २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें मराठवाड्यांतील व विदर्भांतील कपाशीचा फडशा पाडला, तेव्हां तें वाक्य मला आठवलें आणि त्या पुडीचा इतिहास शोधण्याची बुद्धि झाली. इतिहासाच्या अध्यापकानें कीटकशास्त्रांत शिरावें हें धाडसाचें आहे खरें; परंतु ह्या प्रकरणांत किड्यांपेक्षां माणसांचाच भाग अधिक आहे, असें मला आढळून आलें.

बियाणें हा आमच्या जिल्ह्यांत पूर्वीं दुकानाचा जिन्नस नव्हता. गावरान कपाशीचीं चांगलीं बोंडें बाजूस काढावयाचीं आणि त्यांतली सरकी पुढच्या सालीं पेरावयाची, एवढाच व्यवहार. १९७० सालीं सुरतेस सी. टी. पटेल यांनीं ‘एच-४’ हें संकरित वाण तयार केलें, मागाहून आमच्याकडे ‘नांदेड ४४’ आलें, आणि घरची सरकी मागें पडली. संकरित वाण दुसऱ्या पिढींत आपले गुण टिकवीत नाहीं. तेव्हां दर वर्षीं दुकानाची पायरी चढणें ओघानेंच आलें. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकन बोंडअळी औषधांस दाद देईनाशी झाली, आणि फवारणीचें कर्ज कापसाच्या मापांत फिटेना.

अशा वेळीं ‘बीटी’ कपाशी आली. मातींतील एका सूक्ष्म जंतूचा अळीमारक गुण कपाशीच्या झाडांतच उतरविण्याची ही युक्ति अमेरिकेंतील मोन्सॅन्टो कंपनीची. ती ह्या देशांत आणली आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीनें. दिल्लींत विचार चालू असतांच, २००१ सालीं, गुजरातेंत असली कपाशी परवानगीवांचून हजारों एकरांत उभी असल्याचें उघडकीस आलें. शेवटीं २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें महिकोच्या तीन वाणांस तीन वर्षांपुरती, अटींसह, परवानगी दिली.

त्या अटींपैकीं एक अट अशी होती: बीटी कपाशीच्या भोंवतीं साध्या कपाशीच्या पांच ओळी, अथवा एकंदर क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तेवढें साधें पीक लावावें. ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची पुडी येई ती ह्यासाठीं. त्यांतलें मर्म असें. बीटी खाऊनही जगणारी एखादी अळी लाखांत एक निघतेच. अशा दोन अळ्यांचे पतंग एकमेकांस भेटले, तर ती ताकद संततींत उतरून वाढत जाते. परंतु जवळच साध्या कपाशीवर पोसलेले दुबळे पतंग पुष्कळ असतील, तर त्यांच्याशीं संबंध होऊन पुढची पिढी बहुतेक दुबळीच निपजते आणि बीटीस बळी पडते. सारांश, अळीला तिचा वाटा द्यावा म्हणजे बाकीचें पीक आपलें.

शास्त्र निर्दोष होतें. पण दोन एकरांचा पांचवा हिस्सा म्हणजे सोळा गुंठे, हा हिशेब कोणीं केला होता? बीडसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत सोळा गुंठे कापूस जाणूनबुजून किड्यांस सोडावयाचा, आणि त्याची भरपाई कोणीं द्यावयाची नाहीं! वाद झाले ते जनावरांस अपाय होईल काय, जमीन बिघडेल काय, परदेशी कंपनी डोईजड होईल काय, ह्यांवर. आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु कीटकशास्त्रज्ञास ठाऊक असलेली गोष्ट अर्थशास्त्रज्ञाच्या कानीं गेली नाहीं, आणि अट पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्याचें काम नेमकें कोणाचें, हें गांवांत कोणीच सांगूं शकत नव्हतें. पुडींतलें बीं पुष्कळदां धड उगवतही नसे.

आरंभीं मात्र यश मोठें आलें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. अमेरिकन बोंडअळी हटली, तिच्यावरची फवारणी घटली, दहा-बारा वर्षांत देशाचें कापसाचें उत्पन्न दुपटीवर गेलें. मग त्यांत पावसाचा व सिंचनाचाही वांटा असो. २००६ सालीं दोन जनुकांचें नवें वाण आलें आणि शासकीय दडपणानें किंमतही उतरली. अशा भरभराटींत पुडीची आठवण कोणास राहणार? कपाशीवरच जगणाऱ्या गुलाबी अळीनें पहिल्या जनुकाला गुजरातेंत हरविल्याचें २०१० सालीं कंपनीनें स्वतःच कबूल केलें. दुसरेंही पुढें पांच वर्षांच्या आंत निकामी ठरूं लागलें. फरदडीच्या लोभानें फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवलेली कपाशी तर तिचें माहेरघरच होती.

हें अटळ होतें, असें मात्र म्हणवत नाहीं. अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांत शेतकरी, विद्यापीठ व सरकार एकत्र बसले, साध्या कपाशीचीं शेतें राखलीं, पुढें वंध्य केलेले पतंग सोडले. २०१८ सालीं त्या देशानें आपल्या कपाशीच्या प्रदेशांतून ही कीड नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. चीनची गोष्ट तर मौजेची. यांगत्सीच्या खोऱ्यांत स्वस्त पडतें म्हणून दुसऱ्या पिढीचें संकरित बीं पेरूं लागले; त्यांत चौथा हिस्सा झाडें बीटीवांचूनचीं निपजत. काटकसरीपायीं नकळत अळीचा वाटा दिला गेला, आणि तिची वाढती ताकद ओसरली.

आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरांत कोरडवाहू कपाशीस हेक्टरीं ३०,८०० रुपये साह्य जाहीर झालें. त्यांतले ६,८०० आपत्ति-निधींतून, ८,००० पीकविम्यांतून आणि १६,००० बियाणें-कंपन्यांकडून मिळावयाचे होते. अळीची प्रतिकारशक्ति म्हणजे बियाण्याचा दोष नव्हे, असें म्हणून कंपन्यांनीं जबाबदारी नाकारली. तोंडीं लावण्यापुरतेंही न्यायाचें उत्तर त्या वेळीं कोणापाशीं नव्हतें. कारण पंधरा वर्षांपूर्वीं अट लिहिली गेली तेव्हां ती मोडल्यास जबाबदार कोण, हें ठरलेंच नव्हतें.

आतां साधें बीं बीटीच्या पिशवींतच मिसळून येतें. पुडी कोनाड्यांत ठेवण्याचा प्रश्न उरला नाहीं. चुलते हें पाहावयास राहिले नाहींत. त्यांच्या मुलानें दोन्हीं एकरांत सोयाबीन घातलें आहे.