उंदराची लाळ आणि मुखाचा कर्करोग

लाळेचें काम पिष्ट पचविण्याचें, एवढेंच आम्ही शाळेंत शिकवीत असूं. परंतु १९६२ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ली कोहेन यांनीं उंदराच्या लाळग्रंथींतून एक निराळाच पदार्थ वेगळा काढला. तो नवजात पिलांना टोंचला असतां त्यांचे डोळे वेळेआधींच उघडत! त्वचेच्या पेशींना वाढीची आज्ञा देणारा तो दूत होता. पुढें ही आज्ञा स्वीकारणारें पेशीवरील द्वारही सांपडलें. मुखाच्या कर्करोगांत तें बहुधा फाजील प्रमाणांत आढळतें. तेव्हां तेंच अडवावें, हें ओघानेंच आलें. कोहेन यांना १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २००६ सालीं द्वार अडविणारें सेटुक्सिमॅब डोकें व मान यांच्या कर्करोगासाठीं अमेरिकेंत मान्य झालें. पण तें आमच्या तंबाखू खाणाऱ्या मजुरास कोठून परवडणार?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग म्हणूनच मोलाचा. डोकें व मान यांच्या असाध्य कर्करोगाच्या रोग्यांना द्वार अडविणाऱ्या एर्लोटिनिबच्या गोळ्या दोन जुन्या औषधांसह दिल्या. निम्म्यांना शिवाय निव्होलुमॅब टोंचलें. शरीराच्या रक्षक पेशींचा लगाम तें सैल करतें. मात्रा मात्र नेहमींच्या २४० मिलिग्रॅमऐवजीं अवघी २०! केवळ गोळ्यांवर शेंकडा १६ रोगी वर्षभर जगले, निव्होलुमॅबसह ४३.