नाणेघाटाच्या काळातल्या कवयित्री

जुन्नरहून पश्चिमेला निघालेली वाट पठार संपता संपता नाणेघाटाच्या तोंडाशी येते. तिथल्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. थोडे खाली कातळात खोदलेले लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक प्राकृत लेख आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्सने या लेण्याची पाहणी केली आणि पुढे ब्यूलरसारख्या अभ्यासकांनी लेख वाचला. तो सातवाहन राणी नागनिकेचा. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचा हिशेब त्यात आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही इथे होते. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत.

नागनिका कवयित्री नव्हे. पण तिच्या घराण्याच्या राज्यात, तिच्या लेखाच्या भाषेला जवळच्या भाषेत कविता रचणाऱ्या बायका होऊन गेल्या. त्यांची आठवण जुन्नरच्या परिसरातही कुणी काढत नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, पहई, शशिप्रभा, वद्धावही. ही नावे ‘गाथासप्तशती’ या प्राकृत कवितासंग्रहाच्या हस्तलिखितांतून आणि टीकांमधून आपल्यापर्यंत आली. हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे संग्रहातच म्हटले आहे. हालाचा काळ साधारण इसवी सनाचे पहिले शतक मानतात, मात्र संग्रहात पुढेही भर पडत गेली. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने निरनिराळ्या पाठपरंपरा जुळवून १८८१ मध्ये तो संपूर्ण छापला, तेव्हा गाथांची संख्या साडेनऊशेच्या पुढे गेली. मराठी वाचकांसाठी स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह आवृत्ती काढली.

कोणती गाथा कोणाची, याबाबत हस्तलिखितांचे एकमत नाही. शिवाय संग्रहात असंख्य गाथा बाईच्या तोंडी आहेत, पण बोलणारी बाई म्हणजे रचणारीही बाईच, असे धरून चालत नाही. तरीही कुणा टीकाकाराला गाथेशेजारी रेवेचे नाव लिहावेसे वाटले, हे फार मोलाचे आहे. तिचा बाप, नवरा, गाव यांची नोंद त्याने ठेवली नाही. तिला ओळखायचे ते कवितेवरूनच. इंग्लंडमध्ये इझाबेला व्हिटनीने १५६७ मध्ये आपल्या कविता छापल्या, तेव्हा मुखपृष्ठावर तिचे पूर्ण नाव नव्हते, संक्षेपच होता. इतक्या शतकांनंतर, छापखाना हाताशी असतानाही!

रेवा जुन्नरची होती, असे म्हणायला आधार नाही. पण तिचे जग आणि जुन्नरचे जग एकच होते. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. जुन्नरच्या लेण्यांतल्या दानलेखांत धान्यवाले, कासार, बुरूड यांच्या श्रेणी भेटतात, यवन दातेही भेटतात. गाथांमध्ये नांगर धरणारा हालिक आहे, गावच्या पाटलाची लेक आहे, कापसाची आणि तागाची शेते आहेत, आणि सतत वाटेवर असलेला पथिक आहे. पावसाळा तोंडावर आला तरी न परतलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको तर जागोजागी आहे. घाटवाटांवर चालणाऱ्या व्यापाराची घरातली बाजू इथे दिसते. शिलालेखात दानाचा आकडा येतो, मागे राहिलेल्या बाईचे दिवस येत नाहीत.

गाथेचा आकारही विलक्षण. पहिल्या ओळीत ३० मात्रा, दुसरीत २७. तेवढ्यात सगळे सांगायचे आणि त्याहून जास्त न सांगता पोहोचवायचे. एका प्रसिद्ध गाथेत एक बाई धार्मिक गृहस्थाला सांगते की आता निर्धास्त फिरा, तुम्हाला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारले. दिलासा तर दिला, पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या झाडीत पाऊल कशाला टाकील? तिची प्रियकराला भेटण्याची जागा मात्र मोकळी राहिली. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धान्त मांडताना हीच गाथा उदाहरण म्हणून घेतली. काश्मीरच्या पंडिताला काव्याचे मर्म दाखवायला गोदाकाठच्या बाईचे बोलणे लागले.

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त स्त्रियाही कवी होतात असे स्पष्ट लिहिले, कारण काव्याचा संस्कार आत्म्यावर होतो, तिथे स्त्री-पुरुष भेद नाही. त्याची पत्नी अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती, आणि तिच्या इच्छेवरून त्याचे प्राकृत नाटक ‘कर्पूरमंजरी’ रंगभूमीवर आले. तिची मते त्याने ग्रंथात नावानिशी नोंदवली.

ही नोंद ठेवण्याची रीत पुढे फारशी टिकली नाही. सह्याद्रीच्या कुशीत, आंबेगावातल्या आहुपे घाटापासून मावळापर्यंत, बायका पहाटे जात्यावर ओव्या गात आल्या. रचणारीचे नाव बहुधा मागेच राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीच्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. संग्रह एक लाखावर गेला, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही त्यांनी लिहून ठेवले.