करवत, वाळूची पोती आणि इम्पाला

दुसरे महायुद्ध संपल्यावर पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतले तरुण घरी परतले. हातात थोडा पैसा होता, काहींनी सैन्यातच यंत्रकाम शिकून घेतले होते आणि युद्धापूर्वीच्या शेव्हरोले गाड्या स्वस्तात मिळत होत्या. त्याच काळात कॅलिफोर्नियातले हॉट रॉडवाले जुन्या फोर्ड हलक्या करून, इंजिनाची ताकद वाढवून शर्यती लावत होते. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या व्हिटिअर बुलेव्हार्ड या रस्त्यावरच्या पोरांना मात्र त्या वेगाची ओढ नव्हती. गाडी जमिनीलगत हवी, रंग लखलखीत हवा आणि सुटीच्या संध्याकाळी ती पायी चालण्याच्या गतीने रस्त्यावरून न्यायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना डोळे भरून पाहता येईल. ‘बाहितो इ सुआवेसितो’, खाली आणि सावकाश, हे त्यांचे ब्रीद झाले. अशा गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांनाही पुढे लोरायडर हेच नाव पडले.

गाडी खाली आणायची कशी, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. तयार बुटक्या स्प्रिंगा बाजारात मिळत नव्हत्या. पहिला उपाय वजनाचा होता. डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकली की मागची बाजू बसायची. खर्च जवळजवळ नाही आणि सोमवारी पोती काढून त्याच गाडीने कामावर जाता यायचे. पण वजनाने ब्रेकवर ताण यायचा आणि खड्ड्यात गाडी आपटायची. ज्याला कायमचा उपाय हवा, तो हत्यार हाती घेई.

तेव्हाच्या शेव्हरोलेला मागे पाटे असत. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवला की मागची बाजू तेवढी खाली येते. पुढे मात्र वेटोळ्यांची स्प्रिंग होती आणि ती कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. गाडी जॅकवर घ्यायची, दाबलेली स्प्रिंग अंगावर उसळू नये म्हणून खालचा आर्म हळूहळू उतरवायचा, स्प्रिंग बाहेर काढायची आणि करवतीने खालचा अर्धा वेढा उडवायचा. पुन्हा बसवायची, गाडी खाली सोडायची, उंची मोजायची. ही स्प्रिंग चाकापासून बरीच आत बसलेली असते. त्यामुळे तिची उंची इंचभर कमी झाली की चाकापाशी गाडी जवळजवळ दोन इंच खाली येते. जाणता कारागीर म्हणूनच एका वेळी अर्ध्या वेढ्यापलीकडे जात नसे. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

या कापाकापीमागचे गणित त्या पोरांनी पुस्तकात वाचले नसेल, पण त्यांच्या कमरेला ते कळत होते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर ठरतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. 8 वेढ्यांतला एक काढला तर कडकपणा सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. कडक झालेली स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली कमी दबते, म्हणून गाडी मनातल्या हिशेबाइतकी खाली जात नाही. मग आणखी अर्धा वेढा कापायचा मोह होतो. इकडे चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी होत जाते आणि शेवटी प्रत्येक खड्ड्याला सस्पेन्शन रबरी बंप स्टॉपवर आदळते.

काहींना स्प्रिंग बाहेर काढण्याचाही कंटाळा. ते गाडीखाली शिरून गॅसच्या ज्योतीने दोन-तीन वेढे लालबुंद होईपर्यंत तापवत. वजनाने मऊ झालेले वेढे दबत आणि गाडी डोळ्यांदेखत खाली येई. या घाईची किंमत जबर होती. स्प्रिंगचे पोलाद तापवून, बुडवून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर आणून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. ज्योतीखाली तो नाहीसा होतो. तापलेला भाग पुढे आणखी बसत जातो किंवा ऐन रस्त्यात तुटतो, आणि दोन बाजू सारख्या तापलेल्या नसल्या तर गाडी एका अंगावर कलते.

1950च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने कायदाच केला. वाहन संहितेच्या कलम 24008 नुसार, फेरफार केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेहून खाली असता कामा नव्हता. करवतीने खाली आणलेली गाडी खालीच राहणार. पोलिसाने अडवले तर दंड भरण्यावाचून इलाज नाही.

या पेचावरचा तोडगा सॅन बर्नार्डिनो भागातल्या रॉन अग्विरेने काढला. 1959च्या सुमारास त्याने आपल्या कॉर्व्हेटमध्ये विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक भाग बसवले. आता गाडी थांबल्यावर जमिनीला टेकवता येत होती आणि पोलीस दिसताच कायद्याच्या उंचीवर उचलता येत होती. ‘एक्स-सॉनिक’ नावाची ही गाडी हायड्रॉलिक लोरायडरांची आद्य गाडी मानली जाते. पुढे विमानांचे पेस्को पंप आणि ट्रकच्या मागच्या उचलफळीचे पंप गॅरेजांतून फिरू लागले आणि पोत्यांच्या जागी डिकीत बॅटऱ्यांची रांग आली.

या तंत्राला साजेशी गाडी डेट्रॉइटने नकळत आधीच बनवली होती. 1958ची शेव्हरोले इम्पाला चारही चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा घेऊन आली आणि तिची चौकट इंग्रजी एक्सच्या आकाराची होती. कडेचे लांब लोखंडी दांडे नसल्याने गाडी कितीही खाली आणली तरी त्या बाजूला घासायला काही नव्हते. ही चौकट 1964पर्यंत चालली, आणि 1958 ते 1964च्या इम्पाला आजही लोरायडरांच्या जगात सर्वाधिक मानाच्या आहेत.

मानाबरोबर छळही आला. 1977 साली सॅन होजेत ‘लोरायडर’ मासिक सुरू झाले. दोनच वर्षांनी, 1979 मध्ये, व्हिटिअर बुलेव्हार्ड या संथ मिरवणुकांसाठी बंद करण्यात आला. मग एकामागून एका शहराने रस्त्यावर गाड्या सावकाश फिरवण्यावर बंदी घातली. गाडी खाली आहे एवढ्यावरून चालवणारा गुंड ठरत असे. प्रत्यक्षात त्यांच्या कार क्लबांमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे होती आणि एका गाडीवर बाप-लेकांचे आयुष्य खर्ची पडत होते. इम्पीरियल्स क्लबच्या जेसी वालादेसची ‘जिप्सी रोझ’ ही 1964ची इम्पाला, अंगभर हाताने रंगवलेल्या गुलाबांसह, अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली आणि 2017 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली. न्यू मेक्सिकोतील चिमायोची ‘डेव्ह्ज ड्रीम’ ही 1969ची फोर्ड एलटीडी स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

करवत या परंपरेतून कधीच हद्दपार झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. हायड्रॉलिक सिलिंडरबरोबर आजही स्प्रिंग असतेच, आणि कारागीर ती कापूनच बसवतो. पण तो जाड तारेची, जड गाडीसाठीची स्प्रिंग निवडतो, बॅटऱ्यांचे वजन धरून किती वेढे लागतील ते ठरवतो आणि तेवढेच ठेवतो. उंची कमी-जास्त करण्याचे काम सिलिंडरकडे असते.

आजच्या साध्या मोटारीची स्थिती वेगळी आहे. बाजारात तयार लोअरिंग स्प्रिंगा मिळतात आणि त्या लावूनही समाधान न झालेले तरुण त्याच आणखी कापाव्यात का, असे विचारतात. या स्प्रिंगा बनवणाऱ्याने आधीच उंची कमी केलेली असते आणि बंप स्टॉपपर्यंतची जागा पुरावी म्हणून कडकपणा त्या बेताने वाढवलेला असतो. उरलेल्या 6 वेढ्यांतला एक काढला की कडकपणा आणखी 20 टक्क्यांनी चढतो. अनेक स्प्रिंगांच्या एका टोकाला दाटीने वळलेले वेढे असतात. गाडी उभी असताना ते एकमेकांना चिकटून पडून असतात, पण चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा तेच स्प्रिंगला तिच्या बैठकीत धरून ठेवतात. ते कापले तर उंचवट्यावरून उतरताना स्प्रिंग सैल होऊन सरकू शकते. शिवाय कापलेले टोक बैठकीच्या खोबणीत नीट बसत नाही आणि मूळ मापाचा शॉक ॲब्सॉर्बर त्या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही.

2023 मध्ये कॅलिफोर्नियाने विधेयक 436 संमत केले. 1 जानेवारी 2024पासून कलम 24008 मधली गाडी खाली आणण्यावरची बंधने उठली आणि शहरांचा सावकाश फिरण्यावर बंदी घालण्याचा अधिकारही गेला. पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांनी करवत उचलली, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि मार्ग सापडताच त्यांनी पंप बसवले. ज्याला तयार लोअरिंग स्प्रिंगही उंच वाटते, त्याने उंची बदलता येणारे कॉइलओव्हर किंवा एअर सस्पेन्शन घ्यावे, त्यासाठी पैसे साठवेपर्यंत थांबावे; लोअरिंग स्प्रिंग कापू नये.