वालचंदांची फियाट आणि आपली सेकंडहँड गाडी

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवते. मी त्या यादीत अजून एक नाव घालतो.. फियाट! ऐकणारा हसतो. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली, तो काढणारे वालचंद हिराचंद मूळचे आमच्या गावचे. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. आम्ही शुक्रवार पेठेत वाढलेली पोरं त्यांना ओळखतो ते कॉलेजच्या पाटीवरून. त्यापलीकडे कुणी फारसं विचारत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत मी एक सात वर्षं जुनी हॅचबॅक घेतली. माझ्या वयाची निम्मी मित्रमंडळी सध्या सेकंडहँडच घेतायत. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो - "आता हिच्यावर खर्च कशाकशावर करायचा?" हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांना तो पाठ होता.

तर थोडा इतिहास. भारतात मोटारीचा कारखाना काढायचा, ही कल्पना तीसच्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. इंग्रज सरकारने त्यात काही रस दाखवला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्यांची कुर्ल्याला जोडणी व्हायची. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. ८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने सांगितलं, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे गाडी बनवायचा कार्यक्रम आखावा, नाहीतर निघावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मैदानात मुख्य राहिले तिघे - कलकत्त्याकडचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि मुंबईचे प्रीमियर. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ ला तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं, आणि १०८९ सीसीचं तेच इंजिन थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत चालत राहिलं.

आता गंमत बघा. गाड्या कमी, मागणी जास्त, किंमत सरकारी नियंत्रणाखाली. नंबर लावून कित्येक वर्षं थांबायचं. त्यामुळे आज आपल्याला अशक्य वाटेल अशी गोष्ट घडायची: चांगली ठेवलेली जुनी फियाट नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जायची! म्हणजे सेकंडहँड गाडी ही तडजोड नव्हतीच, तो मान होता. आणि ती बंद पडली तर दुसरी कुठून आणणार? म्हणून मालक तिला जपायचा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, ग्रीस गनने स्टिअरिंग-सस्पेन्शनच्या सांध्यांना ग्रीस, प्लग साफ, पॉइंटचा गॅप, टॅपेट सेटिंग, रेडिएटरचं पाणी. रविवारी सकाळी बोनेट उघडून उभं राहणं हा त्या पिढीचा छंद वाटतो आपल्याला. छंद कसला, ती गरज होती.

इथे मला जुन्या आठवणींमध्ये रमणाऱ्यांशी थोडं भांडायचंय. "तेव्हा लोक वस्तू जपायचे हो, आता तुम्हाला वापरा आणि फेका" हे वाक्य अर्धंच खरं आहे. स्पर्धा नसल्यामुळे कारखान्याला गाडी सुधारायची घाई नव्हती. कारखान्याने करायचं काम मालक आणि मिस्त्री घरी करत होते. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली, आणि ती चालवणाऱ्याला कळलं की गाडी सकाळी एका स्टार्टरमध्ये चालू होऊ शकते. त्यात वाईट काही नाही. पण कटकटीबरोबर आपण सवयही टाकून दिली, हे मात्र वाईट झालं.

मग सगळंच बदलायचं का? नाही. याचं उत्तर मोटारीतून नाही, विमानांतून आलं. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की जेमतेम ११ टक्के भागच वयाबरोबर झिजून बिघडतात. बाकीचे ठराविक मुदतीत बदलून फायदा नाही, उलट उघडझाप करताना नवा बिघाड घुसतो. आपल्याकडचा मिस्त्री हेच दोन शब्दांत सांगतो - "चालतंय त्याला हात लावू नका साहेब." (प्रोडक्शन सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको :) )

फक्त मिस्त्रीचा नियम त्या ११ टक्क्यांना लावायचा नाही. गाडीत हे भाग म्हणजे द्रव, रबर आणि घासणाऱ्या गोष्टी. ते "चालतंय" असं वाटत असतानाच मरत असतात. ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. गावातल्या गावात काही जाणवत नाही. बोरघाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, की ते उकळतं, त्यात वाफ होते, आणि पेडल मऊ लागून खाली जातं. माझ्या गाडीच्या विक्रेत्याने "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय" असं सांगितलं होतं. बिल मात्र नव्हतं, आणि ब्रेक ऑइल चहासारखं काळपट होतं.

म्हणून माझा नियम साधा: बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे पहिल्याच आठवड्यात बदलायचं. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला याचा पुरावा मागायचा. नसेल तर बदलायचा. फियाटच्या इंजिनात साखळी होती, मारुती ८०० पासून अनेक गाड्यांत बेल्ट आला, आणि बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, तेही वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबराचं वय लपत नाही. रेडिएटरमध्ये बोरचं जड पाणी ओतायचं नाही, निदान सोलापूरच्या मे महिन्यात तरी. आणि हे सगळं तारीख-किलोमीटर टाकून एका वहीत लिहायचं.

मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणून धावणाऱ्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ती टॅक्सी इंजिन संपलं म्हणून नाही, कायद्याने थांबली. त्या गाड्या इतकी वर्षं चालल्या त्याचं श्रेय कारखान्यापेक्षा रोज त्यांचं बोनेट उघडणाऱ्या हातांना जास्त जातं. आपल्या गाड्यांना रोज उघडायची गरज नाही. वर्षातून दोन रविवार पुरतात. तेवढे काढा.