हुनराचे मोजमाप

अरबी-फारसी सुलेखनात अलिफची उंची नुक्त्यांनी मोजतात. कलमाच्या टोकाने टेकवलेला चौकोनी ठिपका म्हणजे नुक्ता, आणि तेच माप. ही पद्धत बसवण्याचे श्रेय परंपरेने बगदादचा वजीर इब्न मुकला याला दिले जाते, तो इ.स. 940 मध्ये वारला. पुढे ऑटोमन तुर्कांच्या काळात शागिर्दाचा हात मापाला उतरला की उस्ताद त्याला 'इजाजत' देई. मग तो आपल्या लिखाणाखाली स्वतःची सही करू शके. उस्तादाची मर्जी होतीच, पण नुक्ते कुणालाही मोजता येत.

आपल्याकडे सरकारने 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. 1956 मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद आली आणि देशभर एकच परीक्षा, एकच प्रमाणपत्र असे ठरले. फिटरच्या मुलाला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून नकाशातल्या मापाला आणावा लागतो. परीक्षक व्हर्नियर लावतो. 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचणारे ते साधन मुलाचे आडनाव विचारत नाही! मला यात जुना नुक्ताच दिसतो.

गोंधळ होतो तो संस्था मोजताना. जागा किती भरल्या, निकाल किती टक्के लागला, हे कागदावर येते. मुलगा वर्षभराने त्याच कामावर आहे का, यंत्रे चालू आहेत की झाकलेली, हे क्वचितच येते. 2007 च्या सुमारास सुरू झालेल्या छोट्या अभ्यासक्रमांत शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा ठेवला, ते मला योग्य वाटते. 2013 मध्ये कौशल्यांची पात्रता चौकट आली, तिच्यात दहा पायऱ्या होत्या.

आपला प्रश्न मात्र या पायऱ्यांच्या आधीचा आहे. चोपड्यातली कितीतरी पोरे गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या शेडमध्ये, फर्निचरच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली घडली. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतील, पण दाखवायला कागद नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये आयटीआय प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणा, मदरशात शिकलेल्यांनाही कौशल्य प्रशिक्षण खुले करा, असे सुचवले होते. अट शिथिल झाली की दर्जा घसरतो, असे म्हणणारे भेटतात. दर्जा प्रवेशाच्या दारात मोजायचा नसतो, तो शेवटी व्हर्नियरखाली मोजायचा असतो.

2015 पासून पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत, आधीच काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. काही तासांची उजळणी, मग चाचणी. ती चाचणी प्रश्नोत्तरांवर भागवली तर गॅरेजातला हुशार पोरगा मागे पडेल आणि पाठांतरवाला पुढे जाईल. म्हणून नाव नोंदवण्याआधी एवढे विचारा: परीक्षेत हातात पाना देणार आहात का? आयटीआयच्या मूळ परीक्षेलाही अटी पुऱ्या करणारा अनुभवी कामगार खासगी उमेदवार म्हणून बसू शकतो. त्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो आणि तो उस्तादानेच लिहून द्यायचा असतो.